दोन दफ्तरांचा मेळ

१९४६ सालच्या मार्च महिन्यात, ३ ते ९ या तारखांच्या दरम्यान, इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड या तीन मुलखांत जी मुले जन्माला आली, त्यांच्या मातांकडे काही आठवड्यांनी आरोग्यखात्याच्या परिचारिका एक लांबलचक प्रश्नावली घेऊन गेल्या; आणि बाळंतपणास खर्च किती आला, कळा शमविण्यासाठी कोणी काही औषध दिले की नाही, बाळाच्या दुपट्या-अंगड्यांवर किती पैसे गेले, अशी बारीकसारीक चौकशी करून १३,६८७ स्त्रियांची जबानी त्यांनी कागदावर उतरवून घेतली. महायुद्ध नुकतेच संपले होते, अन्नधान्य शिधापत्रिकेवर मिळत होते, आणि देशातील जननप्रमाण घसरत चालल्याची चिंता जाणत्या मंडळींना लागलेली होती. मूल होणे सामान्य कुटुंबाला परवडत नाही म्हणून तर हे घडत नसेल ना, हा या चौकशीमागील मूळ प्रश्न. जेम्स डग्लस या डॉक्टराकडे कामाची सूत्रे होती. चौकशी संपली, १९४८ साली अहवाल छापून झाला, आणि सरकारी-निमसरकारी कागदांच्या नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे ते रुमाल बांधून कोठारात पडायचे. परंतु डग्लस यांनी त्यांतील ५,३६२ मुलांची निवड करून त्यांचा माग पुढे चालू ठेवला. त्या मुलांची शाळा, त्यांचे आजार, नोकऱ्या, लग्ने, रक्तदाब आणि स्मरणशक्ती या सर्वांची नोंद होत होत ती मुले आता आठव्या दशकाच्या अखेरीस पोहोचली आहेत, आणि त्यांचे दफ्तर अजून मिटलेले नाही.

अशा समूहाला शास्त्रज्ञ कोहॉर्ट म्हणतात. आपण येथे जन्मगट म्हणू. पहिल्यामागून दुसरा गट आला तो १९५८ साली, पुन्हा मार्चच्याच एका आठवड्यात जन्मलेल्या सतरा हजारांहून अधिक मुलांचा. त्या वेळी जन्मापूर्वी व जन्मानंतर लगेच दगावणाऱ्या बालकांच्या मृत्यूची कारणे शोधणे एवढाच उद्देश होता. ती मुले सात वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा शोधून काढण्याची कल्पना नंतरची. तिसरा गट १९७० सालच्या एप्रिलमधील एका आठवड्याचा. त्यानंतर तीस वर्षे राष्ट्रव्यापी असा नवा गट उभा राहिला नाही, आणि २००० साल उजाडल्यावर जो उभा राहिला तो एका आठवड्याचा न राहता वर्षभराहून अधिक काळात जन्मलेल्या सुमारे एकोणीस हजार मुलांचा झाला. प्रत्येक गटाचे जनक निराळे, हेतू निराळे, खजिना निराळा. पुढे कधी काळी ही चारही दफ्तरे एका मेजावर शेजारी शेजारी उघडून पाहावी लागतील, असा विचार आरंभी कोणाच्याही मनात नव्हता, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल.

तरीही ती शेजारी उघडावी लागतात, कारण एकच जन्मगट कितीही काळजीपूर्वक अभ्यासला तरी एक गोष्ट त्यातून कळत नाही. चाळिशीत माणसाचे वजन वाढते, हे १९४६चा गट सांगेल; परंतु ते वाढणे वयाचा धर्म आहे की १९८६ साली ब्रिटनमध्ये जे खाल्ले जात होते त्याचा परिणाम आहे, हे त्या गटाला ठाऊक असणे शक्य नाही, कारण त्याला चाळीस वर्षे पूर्ण होण्याचा प्रसंग एकदाच, त्याच साली आला. १९५८चा गट चाळिशीला पोहोचतो तो १९९८ साली आणि १९७०चा २०१० साली. तेव्हा वय तेच ठेवून काळ बदललेला पाहण्याची संधी मिळते. मात्र येथे एक जुनी अडचण कायमची वाटेत बसलेली आहे. जन्मसाल, वय आणि चालू साल या तिन्हींपैकी कोणतीही दोन कळली की तिसरे आपोआप ठरते. म्हणून या तिघांचे परिणाम एकमेकांपासून पूर्णपणे विलग करून दाखविणारे गणित अद्याप कोणी केलेले नाही आणि कोणी करूही शकणार नाही. संख्याशास्त्रज्ञ येथे जे करतात ते तडजोडीचे काम असते, आणि त्या तडजोडीत कोणते गृहीत धरले आहे हे वाचकाने विचारून घ्यावे हे बरे.

इंग्रजी अंमलात जमिनीची शास्त्रीय मोजणी होण्यापूर्वी आपल्याकडे बिघ्याचे माप परगण्यागणिक बदलत असे, आणि दोन गावांच्या जमाबंदीची तुलना करू पाहणाऱ्या कारकुनाला आधी त्या दोन गावांच्या काठ्यांची तुलना करावी लागे. जन्मगटांचा मेळ घालणाऱ्यांचे काम याच जातीचे आहे. फरक इतकाच, की शंका आल्यास तो कारकून नवी काठी घेऊन त्याच शेतात पुन्हा जाऊ शकत होता, आणि १९५७ साली अकरा वर्षांच्या असलेल्या मुलाची उंची आज पुन्हा मोजता येत नाही. जे लिहिले गेले तेवढेच हाती उरते.

सर्वांत सोपी वाटणारी गोष्ट घेऊ: वजन. वजन म्हणजे वजन. त्यात मेळ घालण्यासारखे काय असावे, असे कोणालाही वाटेल. परंतु जुन्या कागदांत ते स्टोन, पौंड आणि औंस यांत लिहिलेले असते. एक स्टोन म्हणजे १४ पौंड, आणि पौंड म्हणजे जवळजवळ ४५४ ग्रॅम. जन्मलेले मूल साडेसात पौंडांचे अशी नोंद असली आणि संगणकाने तिचे ३,४०२ ग्रॅम केले, की तो आकडा ग्रॅमपर्यंत अचूक असल्याचा आव आणतो. वास्तविक दाईने काटा पाहून सोयीस्कर अर्ध्या पौंडावर बोट ठेवलेले असण्याचाच संभव अधिक. मार्गारेट बर्नसाइड या बाईंच्या देखरेखीखाली १९११ सालापासून हर्टफर्डशर परगण्यातील दायांनी आणि आरोग्यपरिचारिकांनी ज्या खतावण्या लिहिल्या, त्यांत बालकाचे जन्मावेळचे आणि पहिल्या वाढदिवसाचे वजन अशाच पौंडांत आहे. त्याच खतावण्यांच्या आधारे साउथॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी, जन्मतः आणि वर्षाच्या वयात कमी वजनाच्या असलेल्या मुलांत पुढे हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण अधिक दिसते, असे १९८९ साली दाखविले आणि वैद्यकात एक नवा वाद व एक नवी शाखा जन्माला घातली. मोजमाप ओबडधोबड असले तरी ते निकामी नसते. फक्त त्याचा ओबडधोबडपणा मेळ घालताना लपवू नये.

प्रौढांच्या वजनाची कहाणी याहून अवघड. कोणत्या वर्षी परिचारिकेने काट्यावर उभे करून वजन घेतलेले असते, तर कोणत्या वर्षी टपालाने पाठविलेल्या कागदावर त्या इसमाने स्वतःच आपले वजन लिहिलेले असते. १९७०च्या गटाची तिशीतील वजने ही अशी स्वमुखाने सांगितलेली आहेत. आणि मनुष्यस्वभाव असा, की स्वतःच्या लेखणीने लिहिताना माणूस थोडा उंच होतो आणि थोडा हलका होतो. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो देहभारांक काढतात, त्यात या दोन्ही क्षुल्लक खोटेपणांची दिशा एकच असल्यामुळे ते एकमेकांस खोडून न काढता एकमेकांस बळ देतात. ही चूक दुरुस्त करण्याचे उपाय आहेत. परंतु त्यासाठी त्या काळचा मनुष्य किती खोटे सांगत असे याचा अंदाज हवा, आणि लठ्ठपणाची लाज ही सुद्धा काळागणिक कमीअधिक होत आलेली आहे.

हे सर्व सांभाळून, विल्यम जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली पाच ब्रिटिश जन्मगटांतील, म्हणजे वरील चार आणि १९९१-९२ साली ब्रिस्टल परिसरात उभा राहिलेला एक अशा पाचांतील, ५६,६३२ व्यक्तींची वजने आणि उंच्या एका मापात आणून जो निष्कर्ष काढला, तो पाहण्याजोगा आहे. १९४६ साली जन्मलेल्या पुरुषांत मधला, म्हणजे ज्याच्या वर निम्मे आणि ज्याच्या खाली निम्मे असा, पुरुष अतिरिक्त वजनाची रेषा ओलांडतो तो ४१व्या वर्षी. १९५८च्या गटात तोच टप्पा ३३व्या वर्षी येतो आणि १९७०च्या गटात ३०व्या वर्षी. स्त्रियांत हीच वये ४८, ४४ आणि ४१. एवढा स्वच्छ आकडा मिळविण्यासाठी काय काय सोडून द्यावे लागले, तेही त्यांनी लिहून ठेवले आहे. १९४६चा गट जवळजवळ सर्वस्वी गौरवर्णीयांचा होता, म्हणून नंतरच्या गटांतील अन्य वंशांची मुले तुलनेतून वगळावी लागली. मुंबईहून वा जमैकाहून गेलेल्या कुटुंबांत जन्मलेल्या मुलांच्या नोंदी दफ्तरात आहेत, परंतु ज्यांच्याशी त्यांची तुलना करावी असे त्यांचे पूर्वज त्या मुलखाच्या दफ्तरात नाहीत. तुलना शुद्ध झाली, आणि ती शुद्ध करताना आजच्या ब्रिटनमधील एक मोठा समाज हिशेबातून उतरला. मेळ घालणे म्हणजे बहुधा असेच सर्वांत गरीब दफ्तराच्या पातळीवर उतरणे होय.

येथवरचा भाग निरुपद्रवी म्हणता येईल. वजनावरून मंत्रिमंडळे डळमळत नाहीत. परंतु उत्पन्नाच्या मेळावरून ब्रिटनमध्ये जो वाद झाला त्याचे पडसाद पार्लमेंटपर्यंत गेले, आणि या विषयाचे मर्म मला त्या वादात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही.

प्रश्न साधा होता. गरिबाच्या मुलाला श्रीमंत होण्याची शक्यता पूर्वीपेक्षा वाढली की घटली? जो ब्लँडेन, पॉल ग्रेग आणि स्टीफन मॅशिन या अर्थशास्त्रज्ञांनी १९५८ आणि १९७० या दोन गटांत आईबापांचे उत्पन्न आणि तिशीच्या आसपास मुलांची कमाई यांचा संबंध ताडून पाहिला, आणि १९७०च्या गटात हा संबंध अधिक घट्ट झालेला, म्हणजे बापाची गरिबी मुलाला अधिक चिकटलेली, त्यांना आढळली. २००५ साली सटन ट्रस्ट या संस्थेने हा निष्कर्ष प्रसिद्ध केला तेव्हा सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी तो उचलला. ज्याला त्याला आपल्या प्रतिपक्षाच्या कारभाराविरुद्ध त्यात एक पुरावा सापडला. आता त्या उत्पन्नाच्या नोंदी कशा घेतल्या गेल्या होत्या हे पाहा. १९५८च्या गटातील मुले सोळा वर्षांची असताना, १९७४ साली, त्यांच्या घरी बापाची कमाई, आईची कमाई आणि इतर मिळकत हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारले गेले, आणि उत्तर कर वजा जाता हाती येणाऱ्या रकमेचे, ठरावीक टप्प्यांत द्यावयाचे होते. १९७०च्या गटाच्या घरी मात्र १९८० आणि १९८६ साली साऱ्या कुटुंबाचे एकंदर उत्पन्न किती, असा एकच प्रश्न होता, आणि तोही कर वजा न करता. पहिल्या पद्धतीत बापाच्या कमाईचा टप्पा आणि आईच्या कमाईचा टप्पा यांची बेरीज अभ्यासकाने करावयाची. दुसऱ्या पद्धतीत ती बेरीज आईने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मनातल्या मनात करून सांगावयाची. अर्थशास्त्रज्ञांनी कराचा हिशेब लावून, टप्प्यांच्या मध्यांची बेरीज करून, दोन्ही आकडे एका जातीचे करण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला होता, यात शंका नाही.

त्यातच १९७४ साल. कोळसा खाणींतील कामगारांच्या लढ्यामुळे वीज वाचविण्यासाठी एडवर्ड हीथ यांच्या सरकारने १ जानेवारीपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बहुतेक उद्योगांस आठवड्यात तीनच दिवस वीज वापरण्याची मुभा ठेवली होती, आणि १९५८च्या गटाच्या घरी उत्पन्नाची चौकशी चालू होती ती याच वर्षात. ज्या कामगाराला त्या आठवड्यांत निम्माच पगार मिळाला असेल त्याने कोणता आकडा सांगितला असेल, नेहमीचा की त्या आठवड्याचा? अर्थशास्त्रज्ञांनी हा आक्षेप तपासला आणि त्याने निष्कर्ष ढळत नाही असे मत दिले. परंतु समाजशास्त्रज्ञ जॉन गोल्डथॉर्प आणि रॉबर्ट एरिक्सन यांनी २०१० साली निराळ्याच बाजूने हल्ला चढविला. उत्पन्न बाजूला ठेवून बापाचा पेशा आणि मुलाचा पेशा यांवरून सामाजिक वर्ग ठरविला, तर त्याच दोन गटांत गतिशीलता घटल्याचे दिसत नाही, असे त्यांनी दाखविले. आणि सुचविले की १९५८च्या गटातील उत्पन्नाची नोंद कुटुंबाची स्थायी परिस्थिती नीटशी दाखवीत नसल्यामुळे त्या गटातील बापलेकांचा संबंध वास्तवापेक्षा सैल भासतो, आणि मग पुढल्या गटातील खरा संबंध घट्ट झाल्यासारखा वाटतो. मापात जितका गोंधळ अधिक तितका संबंध फिका दिसतो, हा संख्याशास्त्राचा सर्वमान्य नियम आहे. तेव्हा एका गटाची नोंद दुसऱ्यापेक्षा अधिक गोंधळाची असेल तर समाज न बदलताही आकडे बदलतील. अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ साली याला उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे, की ऐंशीच्या दशकात एकाच वर्गातील लोकांच्या उत्पन्नांतही विषमता पुष्कळ वाढली. पेशा पाहणाऱ्याच्या नजरेस ती पडत नाही, उत्पन्न पाहणाऱ्याच्या पडते.

दोन्ही पक्ष विद्वान, दोन्ही पक्षांपुढे तीच माणसे आणि तेच कागद. माझ्या मते या वादात कोणी लबाडी केलेली नाही आणि कोणी पूर्ण चुकलेलेही नाही. परंतु ब्रिटनमध्ये गरिबाच्या मुलाचे काय झाले, हे ज्या एका आकड्यावर वृत्तपत्रांनी ठरविले, तो आकडा १९७४चे तीन प्रश्न आणि १९८० व १९८६चा एक प्रश्न यांचा मेळ कसा घालावा याविषयी अभ्यासकांनी दिलेला एक निवाडा होता, आणि निवाड्यावर अपील चालते हे वृत्तपत्रांनी वाचकांस सांगितले नाही.

शिक्षणाच्या नोंदीत ही गुंतागुंत आणखी एका अंगाने प्रकट होते. सोळा वर्षे पूर्ण होईपर्यंत शाळेत राहिलेली मुले किती, हा प्रश्न तिन्ही जुन्या गटांना अगदी त्याच शब्दांत विचारता येतो. पण १९४६च्या गटातील मूल पंधराव्या वर्षी शाळा सोडू शकत होते; सक्तीची मर्यादा सोळावर गेली ती १९७२ साली, आणि १९५८चा गट या नव्या कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या पहिल्या मुलांचा. म्हणजे १९४६च्या मुलाचे सोळाव्या वर्षी शाळेत असणे हे त्याच्या हुशारीचे किंवा घरच्या सुस्थितीचे लक्षण, आणि १९७०च्या मुलाचे तेथे असणे हा केवळ कायद्याचा अंमल. शब्द तोच ठेवला तर अर्थ निसटतो. यावर तोडगा म्हणून काही अभ्यासक प्रत्यक्ष इयत्ता न पाहता, त्या गटात त्या मुलाच्या खाली किती जण आणि वर किती जण, असे त्याचे स्थान पाहतात. पण स्थान पाहू लागले की साऱ्या समाजाचे शिक्षण किती वाढले हा मुख्य प्रश्नच पुसला जातो, कारण प्रत्येक गटात वरचे निम्मे नेहमी निम्मेच असतात. शब्दाचा मेळ आणि स्थानाचा मेळ हे दोन निराळे मेळ आहेत. कोणता घालावा हे संगणक सांगत नाही, विचारलेल्या प्रश्नावरून ते ठरवावे लागते, आणि पुष्कळदा दोन्ही घालून पाहावे लागतात.

आणि मनाचे काय? १९५८ आणि १९७० या दोन्ही गटांना प्रौढ वयात मानसिक अस्वास्थ्याची एकच प्रश्नमालिका, मायकेल रटर यांच्या नावाने ओळखली जाणारी, पुन्हा पुन्हा दिली गेली. बहुतेक वेळ थकवा वाटतो का, क्षुल्लक गोष्टींनी चिडचिड होते का, कारणावाचून एकाएकी भीती वाटते का, छाती जोराने धडधडते का, अशा हो-नाहीच्या प्रश्नांची ती यादी. बेचाळिसाव्या वर्षी १९७०चा गट १९५८च्या गटापेक्षा अधिक अस्वस्थ असल्याचे जॉर्ज प्लुबिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. येथे मोजमापाचे शब्द बदललेले नाहीत, म्हणून मेळाचा प्रश्नच नाही असे वाटेल. परंतु मनाचे दुखणे बोलून दाखविण्याची मुभा दोन पिढ्यांत सारखी नसेल, तर तितकेच दुःखी दोन लोक निराळी उत्तरे देतील. म्हणून त्या अभ्यासकांनी आधी ही परीक्षा केली, की त्या प्रश्नांचे परस्परांशी असलेले नाते दोन्ही गटांत सारखे राहिले आहे की नाही. एखादा प्रश्न एका पिढीत आपल्या सोबत्यांपासून फटकून वागू लागला असेल तर तो उघडा पडतो. सारे प्रश्न एकदमच सारख्या प्रमाणात सैल झाले असतील, तर मात्र ही कसोटी त्यांस सहसा पकडू शकत नाही. शिवाय १९५८चा गट बेचाळिसाव्या वर्षात होता तो २००० सालच्या सुस्थितीत, आणि १९७०चा २०१२ साली, मोठ्या आर्थिक मंदीनंतर. येथे पुन्हा जन्मसाल, वय आणि चालू साल यांची तीच जुनी गाठ.

या साऱ्या विवेचनात एक उणीव वाचकांस खटकेल, की मेळ घालण्याचा हा खटाटोप सर्वस्वी मागाहून केलेला आहे. आधीच ठरवून एका रीतीने मोजले तर? त्याचे एक नामी उदाहरण पुण्याचे आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ सालापासून के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली गरोदर स्त्रियांचा अभ्यास आरंभिला, आणि बार्कर यांच्या साउथॅम्प्टनच्या मंडळींचे सहकार्य त्याला पहिल्यापासून होते. त्यामुळे पुण्यातील नवजात बालकांची आणि साउथॅम्प्टनमधील नवजात बालकांची मापे एकाच पद्धतीने घेतलेली मिळाली. त्वचेची घडी चिमटीत धरून तिची जाडी मोजणे हे काम हाताच्या सवयीवर इतके अवलंबून असते, की रीत एक नसेल तर दोन देशांच्या आकड्यांतील फरक हा बालकांचा की मोजणाऱ्या बोटांचा, हे सांगता येत नाही.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या तुलनेत पुण्याच्या बालकाचे सरासरी वजन २.७ किलो आणि साउथॅम्प्टनच्या बालकाचे ३.५ किलो निघाले. एवढेच मोजले असते तर आपली मुले लहान, हे सर्वांस ठाऊक असलेले सत्य पुन्हा एकदा छापले गेले असते. परंतु प्रत्येक मापातील तूट साउथॅम्प्टनच्या बालकांतील स्वाभाविक चढउताराच्या एककात मांडली, तेव्हा चित्र पालटले. पोटाच्या घेरात तूट २.३८ एकके, दंडाच्या घेरात १.८२, आणि खांद्याच्या फऱ्याखालील त्वचेच्या घडीत, म्हणजे तेथील चरबीत, अवघी ०.५३. मूल सर्व बाजूंनी सारखे लहान नव्हते. स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी ते फार उणे होते, आणि चरबीने जवळजवळ सुखवस्तू. वरवर कृश आणि आतून मेदयुक्त अशा या भारतीय बालकाचे वर्णन पुढे मधुमेहाच्या साऱ्या चर्चेत रूढ झाले. लक्षात घ्यावयाचे ते हे, की हा शोध पुण्याच्या दफ्तरात एकट्याने सापडण्यासारखा नव्हता आणि साउथॅम्प्टनच्याही नव्हता.

याच्याच पुढचा भाग स्वतः डॉ. याज्ञिक यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात आपल्या दोघांच्या देहांचे उदाहरण देऊन मांडला. दोघांचाही देहभारांक २२.३, तंतोतंत सारखा. दोघेही चाळणीतून निरोगी म्हणून खाली उतरणारे. क्ष-किरणांच्या यंत्राने तपासता युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. तेव्हा देहभारांक या मापाचे एकक, सूत्र, काटा, सर्व काही एक असूनही पुण्याच्या आणि लंडनच्या माणसांत तो एकच गोष्ट मोजत नाही. मागे ज्या पाच ब्रिटिश गटांच्या अभ्यासाचा उल्लेख केला, त्यात अन्य वंशांची मुले वगळण्याचा निर्णय या प्रकाशात पाहिला तर तो केवळ संख्येच्या सोयीचा राहत नाही, त्यामागे शरीरशास्त्राचेही एक कारण दिसू लागते. परंतु त्या मुलांसाठी वेगळे कोष्टक मांडण्याचे ऋण त्यामुळे फिटत नाही.

या कामाला आता संस्थांचे स्वरूप आले आहे. माँट्रियल येथे इझाबेल फोर्तिए यांच्या मंडळाने अशा मेळाची कार्यपद्धती लिहून काढली. तिचा गाभा असा, की जुळवावयाचे प्रत्येक माप आधी नेमके व्याख्येत बांधावे, मग प्रत्येक अभ्यासाबाबत ते माप तयार होऊ शकते की नाही याचा स्वतंत्र निर्णय लिहावा, आणि न जुळणारे जुळवून दाखविण्याचा मोह टाळावा. ब्रिटनमध्ये २०१२ साली आठ दीर्घकालीन अभ्यासांस एकत्र आणणारा क्लोजर हा उपक्रम सुरू झाला, आणि वर ज्या वजन-उंचीच्या मेळाविषयी सांगितले तो त्याचेच फळ. कोरोनाच्या साथीच्या काळात, २०२० सालच्या मे महिन्यात, १९४६पासून नव्या सहस्रकापर्यंतच्या पाच गटांना एकच प्रश्नावली एकाच वेळी देण्यात आली. त्या वेळी थोरला गट ७४ वर्षांचा आणि धाकटा १९ वर्षांचा होता. प्रश्न एक, साल एक. मग वय निराळे म्हणून उत्तर निराळे की पिढी निराळी म्हणून, हे मात्र त्या प्रश्नावलीलाही सांगता आले नाही.

आपल्याकडील अभ्यासांस हे सर्व लवकरच अधिक निकडीने भेडसावणार आहे. दिल्लीत १९६९ सालापासून, म्हैसूरमध्ये १९९७ सालापासून आणि पुण्याच्या खेड्यांत १९९३ सालापासून चाललेल्या जन्मगटांतील मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत वा होत आहेत, आणि त्यांची दफ्तरे परदेशी दफ्तरांशी जुळवून पाहण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यांत अतिरिक्त वजनाची रेषा कोठे ओढावी, हा प्रश्न पहिल्याच पानावर उभा राहतो. साऱ्या जगासाठी ती २५ देहभारांकावर आहे. आशियाई लोकांना त्याआधीच धोका संभवतो म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली २३ हा इशाऱ्याचा टप्पा सुचविला. २५ने मोजावे तर शब्दाचा मेळ बसतो आणि पुण्याचा मनुष्य सडपातळ ठरतो. २३ने मोजावे तर धोक्याचा मेळ बसतो आणि लंडनशी असलेली जुनी तुलना मोडते. म्हणून दोन शहरांचे आकडे एकत्र मांडणारा अभ्यासक चोख असेल तर तो दोन्ही रेषांनी मोजून दोन्ही उत्तरे छापतो, आणि कोणती रेषा कोणत्या कारणास्तव घेतली याची कैफियत तळटिपेत न ढकलता कोष्टकाच्या मथळ्यावरच लिहितो.